सिलिकॉन-जर्मेनियम नॅनोरचनांचे रामन स्पेक्ट्रम (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाचे) घेताय? या चुका टाळा

सिलिकॉनचा पीक ५२०.५ वेव्हनंबरच्या (सेंमी⁻¹) खाली दिसला की लगेच फोनॉन कन्फाइनमेंट, म्हणजे कण लहान म्हणून क्रिस्टलची कंपनं त्यात कोंडली गेली, असं म्हणायचं आणि फॉर्म्युल्यात आकडा टाकून साइझ काढायची, हे आधी थांबवा. पीक खाली यायला टेन्साइल स्ट्रेस पुरतो, लेझरची उष्णता तर आरामात पुरते. वेफरमध्ये उष्णता पसरून जाते, नॅनोवायर किंवा सैल पावडरमध्ये तिला जायला वाटच नसते, म्हणून तिथे पहिला संशय उष्णतेवरच घ्यायचा.

आमच्याकडे एक मुलगा वायरचा स्पेक्ट्रम घेऊन आला, पीक ५१२ च्या आसपास, डावीकडे लांब शेपूट, आणि त्याने दोन-तीन नॅनोमीटरचे क्रिस्टल म्हणून स्लाइडसुद्धा बनवून ठेवलेली. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) त्याच वायर ५० नॅनोमीटरच्या वर जाड. पॉवर किती ठेवली विचारलं तर म्हणे फुल, सिग्नल पटकन येतो. अहो, १०० एक्स ऑब्जेक्टिव्हखाली स्पॉट जेमतेम मायक्रॉनभराचा, त्यात फुल पॉवर! फिल्टर लावून पॉवर उतरवत गेलो तसा पीक वर सरकत ५२० ला आला आणि शेपूटही आखडली. दर अंशाला ढोबळ ०.०२ वेव्हनंबर धरा, म्हणजे वायर साधारण ४०० अंशांनी तापली होती. आणि खरं कन्फाइनमेंट असलं तरी १० नॅनोमीटरच्या वर शिफ्ट एखाद्या वेव्हनंबरच्या पुढे जात नाही, एवढं आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

मी वायरसाठी ०.१ मिलिवॅटपासून सुरू करतो, तीही सॅम्पलपाशी मीटर धरून मोजलेली, सॉफ्टवेअरमधल्या टक्क्यांवर माझा विश्वास नाही. मग तीन-चार पॉवरला स्पेक्ट्रम घेतो आणि पीक जागचा हलत नसेल तरच पुढे जातो. सिग्नल कमी पडला तर अ‍ॅक्विझिशन टाइम वाढवा, पॉवर नाही. बसायला लागतं, बसा.

दुसरी चूक सिलिकॉन वेफरवरच्या जर्मेनियम डॉट्सची (नॅनो आकाराच्या ठिपक्यांची). जर्मेनियमचा पीक ३०० ला आणि वेफरचा स्वतःचा टू-टीए (दोन फोनॉनांचा) पीकही ३०० च्याच आसपास, त्यामुळे तिथे टेकाड दिसलं की डॉट्स झाले म्हणून आनंद करणारे दरवर्षी भेटतात. कोऱ्या वेफरचा स्पेक्ट्रम त्याच सेटिंगवर घ्या, तो नसेल तर मी पुढे बोलतच नाही. (१००) पृष्ठभागाचा वेफर असेल तर लेझरचं पोलरायझेशन तुटलेल्या कडेशी ४५ अंशात ठेवा आणि अ‍ॅनालायझर (डिटेक्टरच्या बाजूचा पोलरायझर) त्याला काटकोनात क्रॉस करा, वेफरचा टू-टीए जवळजवळ नाहीसा होतो आणि जर्मेनियम असेल तर टिकतो. ४०० पाशीही बघा, तिथे पीक असेल तर सिलिकॉन आत मिसळलंय, शुद्ध जर्मेनियम म्हणू नका.

बाकीचं थोडक्यात. कॅलिब्रेशन सॅम्पलच्या आधी आणि नंतरही. जास्त डोपिंगचं पी-टाइप सिलिकॉन असेल तर पीक फॅनोमुळेही (मोकळ्या होल्सची फोनॉनशी गुंतागुंत) तिरका होतो. ऑटो बेसलाइन मारू नका, अमॉर्फस (क्रिस्टल नसलेल्या) सिलिकॉनचा ४८० चा रुंद उंचवटा त्यातच उडून जातो. आणि ५३२ नॅनोमीटरचा लेझर असेल तर ट्यूबलाइट बंद करा, तिची पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची रेषा बरोबर ४८४ वेव्हनंबरला येऊन बसते, त्यावर स्मूदिंग फिरवलं की ती अमॉर्फस म्हणून खपते.