पीटीएसडीचे उपचार अर्ध्यावर का अडकतात? माजी सैनिकांनी आणि घरच्यांनी या चुका टाळा

‘मानसोपचार करून पाहिले, काही फरक पडला नाही.’ कामठी, वायुसेना नगर, हिंगणा या भागांतल्या फौजी घरांत हे वाक्य वारंवार ऐकू येतं. नेमकं काय केलं, असं विचारलं की झोपेच्या गोळ्यांची पट्टी पुढे येते, नाहीतर कुणीतरी दोनदा बसवून धीर दिल्याची हकिगत. नागपुरात समुपदेशनाचं काम करताना माझं मत पक्कं होत गेलंय: पीटीएसडीवरचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात टिकून राहणाऱ्या आघाताच्या आजारावरचा, उपचार हरला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो उपचार झालेलाच नसतो, किंवा अर्ध्यावर सुटलेला असतो. म्हणून नेमकं कुठे अडतं आणि तिथून पुढे कसं सरकायचं, ते सांगते.

अपेक्षाच चुकीची धरणं

युद्ध, चकमक, स्फोट, सोबत्याचा मृत्यू यांतून आलेल्या पीटीएसडीसाठी ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे असे बोलून करायचे उपचार प्रामुख्याने तीन. प्रोलाँग्ड एक्सपोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणीला आणि टाळलेल्या जागांना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, ज्यात त्या घटनेबद्दल मनात घट्ट बसलेल्या समजुती तपासल्या जातात. आणि ईएमडीआर, ज्यात डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम होतं.

यांचा गुण किती? आकडे बहुतेक अमेरिकेतल्या सैनिकांचे आणि माजी सैनिकांचे आहेत, पण ते प्रामाणिक आहेत. २०१५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार पहिल्या दोन पद्धतींनी ४९ ते ७० टक्के लोकांना जाणवण्याइतका आराम पडला. त्याच आढाव्यात हेही दिसलं की उपचार संपल्यावरही सुमारे दोन-तृतीयांश लोक पीटीएसडीच्या निदानात बसतच होते.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. आराम पडतो, पण आजार पुसला जाईलच असं नाही. रोज रात्री किंचाळून उठणारा माणूस आठवड्यातून एखाद्या रात्री उठतो. भाचीच्या लग्नात मंडपाबाहेर गाडीत बसून राहणारा आता पंगतीत जेवतो. घरच्यांना मात्र ‘पहिल्यासारखे बाबा’ हवे असतात, आणि तसे नाही झाले की सगळंच फुकट गेलं असं वाटतं. मग पडलेला आरामही कुणी मोजत नाही.

उपाय सोपा आहे: मोजा. पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची यादी असते, गुण ० ते ८०. उपचार सुरू होण्याआधी आणि नंतर दर एक-दोन आठवड्यांनी ती भरून घ्यायला सांगा. दहा गुणांच्या आसपासची घट म्हणजे खरा फरक. दिवाळीत सुतळी बॉम्बच्या एका आवाजाने आठवडा वाईट गेला, तर तेवढ्यावरून तीन महिन्यांचा हिशेब करू नका. आणि निम्मा उपचार होऊनही आकडा जागचा हलला नाही, तर थेरपिस्टला सरळ विचारा, ‘आता काय बदलायचं?’ एका पद्धतीचा गुण आला नाही म्हणून दुसरीचाही येणार नाही, असं नसतं.

मधेच सोडून देणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ९१६ अमेरिकी माजी सैनिकांच्या अभ्यासात एक्सपोजर घेणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के आणि सीपीटी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांनी उपचार अर्ध्यावर सोडला. तिथे तर उपचार, जागा, तज्ज्ञ सगळं हाताशी होतं.

सुटतो तो बहुतेकदा सुरुवातीच्या काही भेटींतच, आणि त्यामागे कारण असतं. वर्षानुवर्षं दाबलेली गोष्ट उघड बोलायला लागल्यावर काही जणांची स्वप्नं तात्पुरती वाढतात, चिडचिड वाढते. घरी बायको म्हणते, ‘जाऊन आले की दोन दिवस बोलत नाहीत, कायले जाता मग?’ त्यात सिक्युरिटीची बारा तासांची ड्यूटी, कामठीहून शहरात यायचं, पार्किंग शोधायची. चौथ्या-पाचव्या भेटीला ‘जरा काम होतं’ असा फोन येतो, आणि तो माणूस पुन्हा दिसत नाही.

या वाढलेल्या त्रासाची कल्पना पहिल्याच भेटीत मिळायला हवी, घरच्यांसमोर. थेरपिस्टने सांगितली नाही तर तुम्ही विचारा. सोडावंसं वाटलं तर फोन करून सुट्टी मारू नका. त्या दिवशी नक्की जा आणि तेच बोला, ‘मला सोडावंसं वाटतंय.’ त्यावर काम करणं हा उपचाराचाच भाग आहे. मात्र त्रास दोन-तीन आठवड्यांतही उतरला नाही, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर वेग कमी करायला सांगायचा. गप्प राहून सोसायचं नाही.

वेळच जमत नसेल तरी मार्ग आहेत. २०१८ साली सेवेतल्या अमेरिकी सैनिकांवर झालेल्या अभ्यासात एक्सपोजरच्या दहा भेटी दोन आठवड्यांत रोज घेतल्या, आणि त्याचा गुण आठ आठवड्यांत पसरून घेतलेल्या दहा भेटींपेक्षा कमी पडला नाही. म्हणजे रजा काढून सलग उरकणं चालतं. दुसरा मार्ग लिहिण्याचा. रिटन एक्सपोजर थेरपीत पाच ते सात भेटींत बसून तीच घटना सविस्तर लिहायची असते, घरचा अभ्यास नसतो. २०२३ साली १७८ माजी सैनिकांच्या अभ्यासात तिचा गुण प्रोलाँग्ड एक्सपोजरच्या तोडीचा निघाला, आणि सोडून जाणारे ३५.६ टक्क्यांऐवजी १२.५ टक्केच होते. ज्यांना बोलणं जमत नाही पण कागदावर उतरवता येतं, त्यांच्यासाठी मी हा पर्याय आवर्जून सुचवते. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, शुद्धलेखन कुणी तपासत नाही.

सामोरं जाताना पळवाट ठेवणं

एक्सपोजरचा घरचा अभ्यास बिघडतो कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा ठरलंय की शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर पाऊण तास थांबायचं. फेरीवाले, मागून धक्के, मोबाइलच्या दुकानांतला आवाज. साहेब जातात, पण दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात. डोळे गर्दीतल्या हातांवर. मुलगा सोबत, मोटारसायकल चालू. भीती शंभरपैकी ८०च्या वर गेली की दहाव्या मिनिटाला ‘चल घरी’. घरी आल्यावर हायसं वाटतं, आणि मेंदू नेमका चुकीचा धडा घेतो: निघालो म्हणून वाचलो.

ते पाऊण तास कामी यायचे असतील तर पाठ भिंतीपासून सुटली पाहिजे आणि हात-खिसे तपासणं थांबलं पाहिजे. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे, दर पाच-दहा मिनिटांनी, खिशातल्या कागदावर. ठरलेला वेळ पूर्ण होईपर्यंत किंवा भीती बरीच उतरेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या शनिवारी ती फारशी उतरणार नाही. तीच जागा, पुन्हा पुन्हा. सीताबर्डी जड वाटत असेल तर सकाळी फुटाळ्यापासून सुरुवात करा, मग गोकुळपेठ बाजार, मग बर्डी. मुलगा सोबत आला तरी हळूहळू त्याला दूर उभं करायचं, आणि शेवटी घरीच ठेवायचं.

घरच्यांचीही इथे चूक होते, मायेपोटी. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की चॅनेल बदलायचं, पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीला ‘बाबांना नको’ म्हणायचं, दारं सावकाश लावायची. सगळं घर आजाराभोवती वाकत जातं आणि आजार पक्का होतो. एकदम सगळं बंद करू नका. थेरपिस्टसोबत बसून यांतली एकेक गोष्ट सोडा.

अपराधाची गाठ न उघडणं

कित्येकांचं मूळ दुखणं भीती नसतं, दोष असतो. ‘मी त्याला पुढे पाठवलं. मी गेलो असतो तर तो आज असता.’ घरचे म्हणतात, ‘तुमची चूक नव्हती हो.’ शंभरदा म्हटलं तरी उपयोग होत नाही, कारण त्या माणसाने स्वतः तपासलेलं नसतं.

सीपीटीत ते वाक्य कागदावर उतरवतात आणि विचारतात: पाठवताना तुम्हाला त्या क्षणी काय माहीत होतं? पुढे काय होणार हे माहीत होतं, की नंतर कळलं? तेव्हा दुसरा कोणता पर्याय खरोखर समोर होता? हेच तुमच्या हाताखालच्या नायक हुद्द्याच्या जवानाने केलं असतं, तर त्याला काय म्हणाला असता? उत्तरं त्यानेच लिहायची. कधी कधी खरी चूकही निघते, आणि तिला चूक म्हणून जागा देऊन पुढे जगणं हेही काम असतं. ‘विसरून जा’ हा सल्ला मात्र कुणी देऊ नये.

गोळ्यांच्या चुका

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी रात्र निघते, म्हणून त्या वर्षानुवर्षं चालू राहतात. पीटीएसडीवर त्या गुणकारी नाहीत. अमेरिकेच्या सैन्य आणि माजी सैनिक खात्यांची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं त्या देऊ नका असंच सांगतात. पण हे वाचून आज रात्री पट्टी कचऱ्यात टाकू नका. सवय झालेल्या शरीरात ही गोळी अचानक थांबली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या हाताखाली, हळूहळू.

पुरावा आहे तो सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आणि वेन्लाफॅक्सिनच्या मागे. त्यांना लागू पडायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. दोन आठवड्यांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणं म्हणजे न घेतल्यासारखंच. बंद करण्यामागचं एक कारण पुरुष कधी उघड सांगत नाहीत: या गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होऊ शकते. मुलगा सोबत असताना हे बोलणं होत नाही, म्हणून डॉक्टरांना एकदा एकटं भेटा. मात्रा बदलता येते, गोळीही बदलता येते.

वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. २०१८ साली ३०४ माजी सैनिकांच्या मोठ्या प्रयोगात ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, पण आधीच्या लहान प्रयोगांत फायदा दिसला होता, आणि २०२३ची तत्त्वंही स्वप्नांसाठी ती सुचवतात. करून पाहण्यासारखी आहे, एवढंच म्हणेन. ही मुळात बीपीची गोळी. पहिली मात्रा झोपताना, आणि रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर बसा, मग उभे राहा. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न चुकता सांगा. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो.

कॅन्टीनच्या कोट्याची बाटली झोपेचं औषध म्हणून वापरणारे खूप आहेत. दारूने झोप लागते आणि पहाटे तुटते, स्वप्नं उरतातच. दारू सुटेपर्यंत पीटीएसडीचा उपचार थांबवायची मात्र गरज नाही. दोन्ही एकत्र करता येतात.

शरीर न तपासणं

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, स्फोटानंतरचा डोक्याचा मार, जुनी पाठदुखी, थायरॉइड. यांपैकी काही चालू असेल तर सगळ्यात चांगली थेरपीही अडखळते. जाड मानेचा, मोठ्याने घोरणारा माणूस ‘स्वप्नामुळे दचकून उठतो’ असं सांगतो, तेव्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करून घ्या.

कुठे जायचं, काय विचारायचं

नागपुरात आजही लोक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला ‘पागलखाना चौक’ म्हणतात, आणि त्या नावापायी कित्येक जण प्रादेशिक मनोरुग्णालयाची पायरी चढत नाहीत. तिथे ओपीडी आहे, भरती व्हावंच लागतं असं नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. सेवेतल्या जवानांना मेडिकल कॅटेगरी, म्हणजे सैन्यातली शारीरिक-मानसिक पात्रतेची श्रेणी, घसरण्याची भीती असते, ती खोटी नाही. पण लपवलेला आजार ड्यूटीवर हातात शस्त्र असताना उघडा पडला, तर नुकसान त्याहून मोठं होतं.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: तुम्ही एक्सपोजर, सीपीटी किंवा ईएमडीआर यांपैकी काय करता? साधारण किती भेटी? प्रगती कशावर मोजणार? ‘बोलत राहू, मोकळं वाटेल’ एवढंच उत्तर आलं, तर आधार मिळेल, पण हा उपचार तो नव्हे. नागपुरात या पद्धती शिकलेले लोक मोजके आहेत. व्हिडिओवरून थेरपी चालते, तेव्हा पुण्या-मुंबईतलाही तज्ज्ञ शोधा.

मरणाची भाषा, वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरव असं काही दिसलं तर थेट विचारा, ‘बाबा, जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बँकेच्या गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक घरात असेल तर ती आणि काडतुसं त्याच दिवशी घराबाहेर, कायद्याने चालेल अशा ठिकाणी जमा करा. जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. धोका समोरच दिसत असेल तर ११२ लावा, किंवा थेट जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.

पहिल्या भेटीला निघताना पिशवीत घ्या: सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (दुकानदाराने दिलेल्यासुद्धा), आठवडाभराच्या झोपेच्या वेळांची नोंद, आणि रात्री घोरताना मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ.