टोकन देण्याआधी

पुण्यात एका वकिलांकडे मी बरीच वर्षं टायटल सर्चचं, म्हणजे मिळकतीची मालकी तपासण्याचं, काम केलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, चाळायचे, तलाठ्याकडून जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी, मिळवायचे, तीस वर्षांचा मागोवा घेऊन सर्च रिपोर्टचा मसुदा करायचा. त्यामुळे नात्यात किंवा सोसायटीत कुणी 'इन्व्हेस्टमेंट म्हणून काहीतरी घेऊन टाकावं म्हणतोय' असं म्हणालं, की त्याला माझ्याकडे धाडतात. बहुतेक जण येतात ते टोकन, म्हणजे इसाऱ्याचे पैसे, देऊन झाल्यावर. तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

प्रश्न ठरलेला असतो: कुठे घेऊ? वाघोली, तळेगाव की हिंजवडीच्या पुढे? एरिया चढेल की नाही हे मला सांगता येत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पहिल्या खरेदीत आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: कागद नीट वाचणं आणि हिशोब खरा मांडणं. दोन्ही शिकायला पैसे लागत नाहीत, थोडी चिकाटी लागते.

नवख्याला आधी भुरळ पडते ती प्लॉटची. रविवारी गाडीने साइट व्हिजिट, वर फुकट जेवण, गुंठ्याचा भाव आणि सोपे हप्ते. तिथे पहिला प्रश्न विचारायचा: जमीन बिनशेती झाली आहे का, आणि असेल तर आदेश आणि मंजूर ले-आउट दाखवा. शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. तुम्ही शेतकरी असलात तरी ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकू न देणारा १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. मग एजंट 'सामायिक'ची वाट दाखवतो. दहा-वीस अनोळखी माणसं एकाच खरेदीखतात, सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर, आणि प्रत्येकाला जागेवर फक्कीने आखून दिलेला चौकोन. तो चौकोन सरकारी नकाशात कुठेच नसतो. बँक त्यावर कर्ज देत नाही आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पुन्हा तुमच्यासारखंच नवखं शोधावं लागतं. या कायद्यात अलीकडे काही सवलती आल्या आहेत हे खरं, पण ती सवलत तुमच्या जमिनीच्या गट नंबरला लागू आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जीआरच्या फोटोवर जाऊ नका.

सातबारा वाचायचा कसा, ते एका उदाहरणावरून सांगते. मावळातला एक उतारा आमच्याकडे आला होता. भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून तीन भाऊ, धारणा पद्धती वर्ग १, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी, 'इतर हक्क' या रकान्यात ना बँकेचा बोजा, ना कूळ. एजंटच्या भाषेत 'एकदम क्लिअर'. उताऱ्यात जुन्या फेरफारांचे नंबर असतात, ते सहसा कुणी बघत नाही. आम्ही ते एकेक करून काढले. त्यात वारसनोंदीचा एक हस्तलिखित फेरफार निघाला: वडील मयत, वारस तीन मुलगे, आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात दोन विवाहित मुली, 'इतर हक्कात'. मुलींची नावं तिकडे ढकलायची तेव्हाची सर्रास पद्धत. पुढे भावांच्या वाटपाच्या वेळी ती नावंही गळली होती. बहिणींनी हक्कसोडपत्र नोंदवल्याचं इंडेक्समध्ये कुठेच सापडेना. नाव गळलं म्हणून हक्क जात नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. दोघींची संमती मागितली. एक तयार झाली, दुसरीने आपला हिस्सा मागितला, आणि मागणारच ना! व्यवहार तिथेच थांबला. आमच्या पक्षकाराचं टोकन बुडालं नाही, कारण ते दिलंच नव्हतं.

म्हणून उतारा हातात आला की नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका. वर्ग २ दिसलं तर विक्रीला सरकारी परवानगी लागणार. इतर हक्कात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' दिसलं तर जमीन कुळाला मिळालेली आहे, तिच्या अटी वेगळ्या. आदिवासी खातेदाराची किंवा देवस्थान इनामाची जमीन असेल तर नवख्याने तिथून निघावं हे उत्तम. आणि कितीही स्वच्छ उतारा असला तरी सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकी सिद्ध होते ती नोंदणीकृत दस्तांच्या साखळीवर. शासकीय मोजणी करून घ्या, रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर हे स्वतः चालत जाऊन बघा, आणि वकिलामार्फत वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर नोटीस द्या. नोटिशीचा खर्च टाळणारे लोक मला कधी कळलेच नाहीत. लाखोंच्या व्यवहारात ती रक्कम किस झाड की पत्ती.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं त्या मानाने सोपं झालंय. १ मे २०१७ पासून महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, साइट आहे, ती उघडा. प्रकल्पाची मूळ पूर्णत्वाची तारीख आणि आताची सुधारित तारीख शेजारी शेजारी ठेवा, बिल्डरची निम्मी ओळख तिथेच होते. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. 'प्री-लाँच रेट आहे, रेरा नंबर पुढच्या महिन्यात येतोय' असं कुणी म्हणालं, तर पुढच्या महिन्यातच तिथे जा.

आता हिशोब. 'भाड्यातून हप्ता निघतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कागद-पेन घेऊनच बसते. समजा पुण्याच्या कडेला ६० लाखांचा रीसेल फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. एकट्या बाईच्या नावावर घेतलात तर १ टक्का वाचतो. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरला १ टक्का धरा, ६० हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, वकील आणि किरकोळ १५ हजार. झाले साडेपासष्ट लाख, आणि अजून पंखासुद्धा लावलेला नाही. भाडं १६ हजार येतंय म्हणू. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जातो असं धरून चाला, म्हणजे हातात १ लाख ७६ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३० हजार गेले. मिळकतकर ९ हजार धरू. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर या करात ४० टक्के सवलत असते, भाडेकरू ठेवला की ती जाते, हे विसरू नका. रंग, नळ, गीझर यांना १० हजार. उरले १ लाख २७ हजार. साडेपासष्ट लाखांवर हे दोन टक्क्यांच्याही जरा खालीच.

आणि हप्ता? ६० लाखांच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४८ लाख देईल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिना साधारण ४१,६५० रुपये. म्हणजे भाडं पूर्ण मिळालं तरी दर महिन्याला २५ हजारांच्या वर पगारातून घालायचे. त्यात स्टँप ड्यूटी, नोंदणी आणि उरलेले १२ लाख आधीच खिशातून गेलेले. असा फ्लॅट घेऊच नये असं नाही. पण नफा येणार तो भाव वाढण्यातून, हे माहीत असू द्या; आणि भाव पाच-सात वर्षं जागचा हलला नाही तरी हप्ता झेपेल का, हे आधी घरातल्यांसोबत बसून बघा. विकतानाही ब्रोकर आणि दोन वर्षांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहेच. माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची अधिकृत परवानगी, मिळालेला आणि कन्व्हेयन्स झालेल्या, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर आलेल्या, सोसायटीतला लहान फ्लॅट बरा. चर्चा करण्यासारखं त्यात काही नसतं, पण भाडेकरू लवकर मिळतो आणि गरज पडली तर विकलाही जातो.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मुद्दाम वाचा. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. 'ओळखीचाच मुलगा आहे' म्हणून नोटरीवर भागवणाऱ्यांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

ज्यांच्याकडे सध्या लाख-दोन लाखच आहेत त्यांनी कुणाच्या प्लॉटिंगमध्ये भागीदारी करू नये. शेअर बाजारात नोंदलेले रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींत लोकांचे पैसे गुंतवणारे ट्रस्ट, आहेत, पहिला २०१९ मध्ये आला. ऑफिसच्या इमारतींच्या भाड्यातला वाटा त्यातून मिळतो, एक युनिटसुद्धा घेता येतं, आणि भाव खालीवर होतो तो रोज डोळ्यांसमोर. पैसे साठेपर्यंत दुसरं एक करता येईल. गावच्या स्वतःच्या जमिनीचा सातबारा महाभूलेखवरून काढा, त्यातले फेरफारांचे नंबर एका कागदावर उतरवा आणि एकेक मिळवून वाचायला बसा. कुठे अडलात तर या, पण टोकन न देता.