मागून गाडी ठोकली आणि लागलंय, तर भरपाई कशी मागायची

सिग्नलला उभे असताना, टोलच्या लायनीत, नाहीतर आमच्या पुण्यात नवले पुलाच्या उतारावर मागून कोणीतरी येऊन ठोकतं आणि पहिली दहा मिनिटं सगळे फक्त बंपरकडे बघत बसतात. माझ्या मामेभावाचं अगदी हेच झालं, मागून टेम्पो आला, डिकी आत गेली, ड्रायव्हर हात जोडायला लागला, आणि ह्याने चार हजार घेऊन कागदावर "आपसात मिटवलं, तक्रार नाही" असं लिहून सही पण देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मान वळेना, उजव्या हाताची दोन बोटं बधिर, एमआरआय काढला तर मानेच्या मणक्यातली गादी सरकलेली. नंतर प्रत्येक ठिकाणी तोच कागद त्याच्यासमोर ठेवला गेला. म्हणून पहिली गोष्ट, रस्त्यावर मिटवू नका आणि काहीही लिहून देऊ नका, समोरचा कितीही गयावया करू दे. लागल्याचे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत, त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू असेल तर ते कंपनी भरते.

गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो काढा, दोन्ही नंबर प्लेट एकाच फोटोत आल्या तर उत्तम, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, फुटलेल्या काचा, आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून तुमचा ब्रेक लाईट पेटतोय त्याचा छोटा व्हिडिओ. हे शेवटचं का सांगतोय, तर मागच्या गाडीने पुरेसं अंतर ठेवायलाच पाहिजे असा नियम आहे आणि सुप्रीम कोर्टानेही 2018 च्या एका निकालात तेच धरलंय, पण 2025 मध्ये त्याच कोर्टाने हायवेवर मागे न बघता, इशारा न देता अचानक ब्रेक मारणाऱ्या कारवाल्यावर 50 टक्के जबाबदारी टाकली. म्हणजे "मागच्याचीच चूक" हे बहुतेक वेळा खरं असलं तरी विमा कंपनीचा वकील तुमच्या ब्रेकवर बोट ठेवणारच. आजूबाजूच्या दुकानाचं, पंपाचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा, काही दिवसांत ते पुसलं जातं.

112 ला फोन करा, पोलिसांना येऊ द्या. एफआयआर, स्पॉट पंचनामा, साक्षीदारांचे नंबर, ह्याशिवाय पुढे सगळं लंगडं पडतं. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला रिपोर्ट न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाईचा दावा जिथे चालतो त्या कोर्टाला, आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, तो गेला का ते तपास अधिकाऱ्याला विचारत राहा.

आता दुखापत. मागून धडक बसली की डोकं आधी मागे आणि मग पुढे झटकन जातं, मानेचे स्नायू ताणले जातात, पण त्या धक्क्यात अंगात एवढी घाई असते की दुखणं कळतच नाही, ते एक-दोन दिवसांनी वर येतं. त्यामुळे काही वाटत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की रोड अॅक्सिडेंट आहे, एमएलसी करा, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद, केस पेपरवर "मागून धडक" लिहा. नुसतं "मानदुखी" लिहिलेला पेपर चार महिन्यांनी काही कामाचा नाही, ती तर कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कोणालाही असते. पैशाची अडचण असेल तर मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार, हॉस्पिटलला त्याबद्दल विचारा.

दावा लागतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सगळे एमएसीटी म्हणतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली. अपघात सोलापूरला झाला आणि तुम्ही ठाण्यात राहता तर ठाण्यातही लावता येतो. कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे, तेवढीच धरून चला, "नंतर बघू" करू नका. मागच्या गाडीचा ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही पार्टी करायचं. तीन-चार गाड्या एकमेकांवर आदळल्या असतील तर सगळ्यांची नावं घाला, कोणाची किती चूक ते कोर्ट ठरवेल. आणि तुमच्या गाडीत मागे बसलेल्या आईला लागलं असेल तर तिचा दावा वेगळा लावायचा, हे फार लोकांच्या लक्षातच येत नाही.

पैसे कशाचे मिळतात तर दवाखान्याची बिलं, बुडलेला पगार, फिजिओथेरपीला जायचा रिक्षाखर्च, वेदना आणि त्रास, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढच्या कमाईचं नुकसान. शेवटच्यात रक्कम मोठी असते. समजा वय 34, पगार महिना 30,000 आणि कामाची क्षमता 10 टक्के कमी झाली, तर वर्षाचे 3,60,000, त्याचे 10 टक्के 36,000, ह्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात, ह्या वयाला गुणक 16, म्हणजे 5,76,000. इथे सर्टिफिकेटवरचा टक्का तसाच्या तसा धरत नाहीत, तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते बघतात, तेच बोट टेलरचं असेल तर गोष्ट वेगळी आणि मॅनेजरचं असेल तर वेगळी. म्हणून पगाराच्या स्लिपा, आयटीआर, बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र आणि सिव्हिल सर्जनचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, हे एका फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून लावत जा. दोन आठवड्यांत मान बरी झाली तर रक्कम लहानच असणार, लाखोंची आशा दाखवणाऱ्या वकिलापासून लांब राहा.

मेडिक्लेममधून बिल मिळालं म्हणून एमएसीटीत ते कापलं जाईल अशी भीती असते, पण मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये सांगितलंय की ते कापायचं नाही, तुम्ही स्वतः हप्ते भरलेत. धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर गंभीर दुखापतीला सरकारकडून 50,000 मिळतात, त्याचा अर्ज वेगळा.

मधेच विमा कंपनीचा माणूस सेटलमेंट घेऊन येईल, लोक अदालतीतही बोलावतील. उपचार पूर्ण झाल्याशिवाय आणि डॉक्टरांनी पुढे ऑपरेशन लागेल की नाही हे लिहून दिल्याशिवाय सही करू नका. मामेभावाचं ऑपरेशन अपघातानंतर सातव्या महिन्यात झालं.