पात्राच्या दोषाचा मोबदला केव्हा द्यावा?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एका पात्राची भूमिका करत कथा खेळायच्या खेळाचे, नियम लिहिताना पात्राच्या दोषाला किती पॉइंट द्यावेत, यावर बराच खल होतो. ते केव्हा द्यायचे, हे मात्र त्याआधी ठरवायला हवे. पात्र तयार होतानाच द्यायचे, की दोषाने खेळात खरोखर अडवल्यावर?

पहिली पद्धत १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या खेळात दिसते आणि १९८६ मध्ये आलेल्या ‘गर्प्स’नेही तीच स्वीकारली: दोष घ्यायचे आणि मिळालेल्या पॉइंटांतून कौशल्ये विकत घ्यायची. यातली पळवाट खेळाडूंना लगेच सापडते. कथा डोंगरी किल्ल्यांवर घडणार हे कळले की कोणीतरी हमखास समुद्राची भीती घेतो आणि दहा पॉइंट फुकटात पदरात पाडतो. एकूण पॉइंटांवर मर्यादा घातल्याने ही लूट आटोक्यात येते, पण तो दोष तितकाच निरुपद्रवी राहतो. म्हणून आगाऊ मोबदला द्यायचाच असेल, तर दोष कोणत्या प्रसंगी उफाळतो आणि तेव्हा फासे कसे टाकायचे, हे नियमातच लिहावे.

‘गर्प्स’च्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत तापटपणासारख्या दोषाला आत्मसंयमाचा आकडा जोडलेला आहे. तीन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली, तरच पात्र राग गिळते. १२ या आकड्याला तापटपणाचे १० पॉइंट मिळतात, १५ घेतल्यास निम्मे आणि ६ घेतल्यास दुप्पट. आता शक्यता मोजून पाहा: तोल जाण्याची शक्यता १५ वर ५ टक्क्यांहून कमी, १२ वर सुमारे २६ टक्के आणि ६ वर जवळपास ९१ टक्के येते. म्हणजे १५ घेणारा खेळाडू निम्मे पॉइंट घेऊन पाचव्या हिश्शाहूनही कमी त्रास सोसतो, आणि हिशेबी खेळाडू असे सौम्य दोष चार-पाच गोळा करतो. स्वतःचा तक्ता करताना अपयशाची शक्यता आणि किंमत शेजारी शेजारी मांडली, तर ही तफावत छापण्याआधीच दिसते.

दुसरी पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. २०१३ च्या ‘फेट कोअर’मध्ये सुरुवातीला दोषाचे पॉइंट मिळत नाहीत. समजा, जकातनाक्यावरचा शिपाई सरदाराच्या मुलाला ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतो. पात्राच्या कागदावर ‘अपमान सहन होत नाही’ असे लिहिलेले आहे. गेम मास्टर, म्हणजे कथा चालवणारा, एक टोकन (इथला मोबदला) पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘तुझा हात तलवारीकडे जातो.’ टोकन उचलले तर भांडण होते. नको असेल तर खेळाडूला स्वतःजवळचे एक टोकन द्यावे लागते. दोष जितका आड येतो तितकी कमाई होते, त्यामुळे निरुपद्रवी दोष घेण्यात काही लाभच उरत नाही. अडचण एवढीच, की पाच पात्रांचे दोष लक्षात ठेवण्याचा भार गेम मास्टरवर पडतो. त्यासाठी खेळाडूनेही आपला दोष पुढे आणावा, अशी मुभा ठेवावी. ‘फेट कोअर’मध्ये ती आहे.

दोषाची शब्दयोजना करताना ‘भित्रा’ असे विशेषण लिहून थांबू नये. ‘अंधारात एकटा पुढे जात नाही’ असे लिहिले की तो केव्हा लागू होतो, यावर वाद उरत नाही. एक डोळा नसणे किंवा लंगडणे यांना मात्र आत्मसंयमाचे फासे लावू नयेत. तिथे नेमबाजीतली किंवा वेगातली ठरावीक वजावट पुरेशी असते. ज्या दोषाची किंमत सोबत्यांनाच मोजावी लागते, उदाहरणार्थ मित्रांच्या पिशव्या कापणारा चोर, त्याचा मोबदला एकट्या चोराला न देता ज्याची पिशवी गेली त्यालाही द्यावा, नाहीतर टेबलावर खरीखुरी भांडणे होतात.

चाचणीच्या तीन सत्रांत प्रत्येक दोषापुढे तो उफाळला की एक रेघ ओढावी. ज्याच्यापुढे एकही रेघ नाही, त्याचा प्रसंग बदलून लिहावा किंवा तो यादीतून काढून टाकावा.