हेडलाइटवरचे बारीक ओरखडे

आधी ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल, तर पॉलिशने काम भागतं. अडकत असेल, तर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत वापरायचा बारीक सँडपेपर, घासावाच लागेल. धुरकटपणा आतून असेल, तर बाहेरून कितीही घासलं तरी जाणार नाही.

हेडलाइट शॅम्पूने स्वच्छ धुवा. एक कण जरी राहिला, तरी तोच नवे ओरखडे पाडतो. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

हलक्या ओरखड्यांना प्लास्टिक पॉलिश आणि मायक्रोफायबर कापड पुरतं. खोल असतील, तर १५०० नंबरचा वॉटर पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवून आडवा घासा, मग २००० चा उभा, शेवटी ३००० चा पुन्हा आडवा. दिशा बदलल्यामुळे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही, हे लगेच दिसतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. घाई इथेच नडते. पाणी सतत शिंपडत राहा. नंतर पॉलिश करा. मशीन वापरत असाल, तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, कारण हेडलाइटचं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) उष्णतेने लगेच खराब होतं.

वॉटर पेपरने घासल्यावर कंपनीने दिलेला, उन्हापासून वाचवणारा यूव्ही थरही निघतो. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हेडलाइटसाठीचा यूव्ही क्लिअर कोट लावायलाच हवा. तो टाळला, तर आपल्याकडच्या उन्हात लाइट काही महिन्यांतच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने चमक येते, पण हे संरक्षण मिळत नाही. थिनर किंवा पेट्रोल मात्र अजिबात लावू नका, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.