बॅकअप ‘ओके’ म्हणतो, पण रिस्टोअर होत नाही: टेप आणि डिस्कवरच्या नेटवर्क बॅकअपमध्ये या चुका टाळा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी डेटा होता. कमांड थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. बॅकअपची व्यवस्था होती, एक नाही तर अनेक. पण रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, घेणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप फेल होत होता. फेल झाल्याचे मेलही निघत होते, पण डीमार्कच्या, म्हणजे मेल खरा आहे का ते पाहणाऱ्या, तपासणीत अडकून ते परत फिरत होते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर (डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) निभावलं. ही सगळी हकिगत कंपनीने स्वतःच जाहीर केली, आणि बॅकअप सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे.

यात ना डिस्क बिघडली होती, ना नेटवर्क. प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक होता, घोळ दोन भागांच्या सांध्यावर होता. टेप आणि डिस्कवरच्या नेटवर्क बॅकअपमध्ये असे सांधे भरपूर असतात: क्लायंट (ज्याचा बॅकअप घ्यायचा ते मशिन) आणि सर्व्हर, सर्व्हर आणि स्टोरेज, स्टोरेज आणि ड्राइव्ह. एकेका सांध्यावर काय चुकतं ते पाहू.

कोण कोणाला फोन करतो?

क्लायंट कनेक्ट होत नाही, ही पहिल्या दिवसाची तक्रार. बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात तीन भाग असतात: कामं वाटणारा डायरेक्टर ९१०१ पोर्टवर, क्लायंटचा फाइल डीमन (डीमन म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) ९१०२ वर आणि स्टोरेज डीमन ९१०३ वर. डायरेक्टर क्लायंटला हाक मारतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण डेटा पाठवताना क्लायंट स्वतः स्टोरेज डीमनकडे जातो, आणि कुठे जायचं तो पत्ता त्याला डायरेक्टर देतो. आता डायरेक्टरच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्टोरेजचा पत्ता ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच मशिन’, लिहिला असेल, तर बिचारा क्लायंट स्वतःच्याच ९१०३ पोर्टवर जाऊन धडकतो. सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप व्यवस्थित होतो, बाकी सगळ्या मशिनचे फेल होतात. असं चित्र दिसलं की आधी ती ओळ उघडा. तिथे असं नाव किंवा आयपी हवा, जो क्लायंटच्या बाजूनेही सापडेल.

डेबियन लिनक्सच्या बॅक्युला पॅकेजमध्ये आणखी एक गंमत आहे. सुरक्षेसाठी डीमन १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त त्याच मशिनवरून आलेलं, ऐकतात. सेवा चालू दिसते, फायरवॉल उघडा असतो, तरी बाहेरून कनेक्शन नाकारलं जातं.

तपासाचा क्रम ठरवून घ्या: आधी नाव दोन्ही बाजूंनी बरोबर आयपीला जातं का, मग पोर्ट उघडा आहे का, मग पासवर्ड आणि डीमनची नावं जुळतात का, आणि सगळ्यात शेवटी डेटा. लोक उलटीकडून सुरुवात करतात, पासवर्ड बदलत बसतात आणि आधी एकच असलेली चूक तिप्पट करून ठेवतात. अमांडा ही दुसरी बॅकअप प्रणाली वापरत असाल तर तिचा १००८० पोर्ट पाहा आणि रात्रीच्या जॉबआधी ‘अमचेक’ ही तिची तपासणीची कमांड चालवायची सवय ठेवा. क्लायंट पोचत नाही किंवा चुकीची टेप लागली आहे, हे ती दुपारीच सांगते.

मोठे जॉबच का तुटतात?

लहान जॉब पूर्ण होतात, मोठे दोनतीन तासांनी तुटतात, आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन रीसेट’ एवढंच. संशय केबलवर जातो. पण जॉब दर वेळी साधारण तेवढ्याच वेळाने तुटत असेल तर मधला फायरवॉल तपासा. डेटाचं कनेक्शन गजबजलेलं असतं, पण नियंत्रणाचं कनेक्शन तासन्‌तास गप्प पडून असतं आणि फायरवॉल त्याला मेलेलं समजून काढून टाकतो. कनेक्शन जिवंत आहे का ते पाहणारा लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागा होतो; तोवर उशीर झालेला असतो. बॅक्युलामध्ये ‘हार्टबीट इंटरव्हल’ (‘जिवंत आहे’ असा इशारा किती वेळाने पाठवायचा) ६० सेकंदांवर ठेवा. फाइल आणि स्टोरेज, दोन्ही डीमनमध्ये ठेवा, एकातच नको.

दुसरा प्रकार: लॉगिन होतं, पासवर्ड मान्य होतो आणि डेटा सुरू झाला की सगळं थिजतं. कोणीतरी वेग वाढवायला सर्व्हरवर जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पॅकेट, चालू केल्या असतात आणि मधला स्विच अजून १५०० बाइटवरच असतो. छोटी पॅकेट जातात, मोठी हरवतात. ९००० च्या एमटीयूसाठी (पॅकेटच्या कमाल आकारासाठी) ८,९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याची अट घालून, दोन्ही दिशांनी पाठवून पाहा. गेला नाही तर चोर सापडला.

टेप उपाशी ठेवू नका

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबू. टेप म्हणजे जुनी आणि म्हणून हळू, असं गृहीत धरलं जातं. एलटीओ-८ चा, म्हणजे एलटीओ या टेपप्रकाराच्या आठव्या पिढीचा, पूर्ण उंचीचा ड्राइव्ह कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला ३६० एमबी लिहितो. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येतात. म्हणजे ड्राइव्हच नेटवर्कची वाट पाहत बसतो. ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत कमी करतो, पण त्याखाली डेटा आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग पकडते, पुन्हा थांबते. इंग्रजीत याला ‘शू-शाइनिंग’ म्हणतात. बॅकअप रेंगाळतो, टेप झिजते, हेडही झिजतो. ड्राइव्हजवळ उभं राहिलं तर हे ऐकूही येतं.

क्लायंटवर लाखो बारीक फाइली असतील तर दहा गिगाबिटचं नेटवर्क टाकूनही फरक पडत नाही, कारण क्लायंटची डिस्कच त्या वेगाने वाचू शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी क्लायंटवर नुसतं वाचन मोजा: टारचा (फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडचा) प्रवाह मोजणीच्या साधनातून थेट फेकून द्या. मग नेटवर्क वेगळं मोजा, मग टेप वेगळी. एकत्र मोजलेल्या वेगावरून खरेदीचा निर्णय घेऊ नका.

उपाय जुनाच आहे: आधी डिस्कवर उतरवा, मग डिस्कवरून टेपवर सलग ओता. अमांडात याला ‘होल्डिंग डिस्क’ म्हणतात, बॅक्युलात ‘स्पूल डेटा’. पण स्पूलची डिस्क टेपपेक्षा हळू असेल तर आपण फक्त अडथळ्याची जागा बदलली. एकाच फिरत्या डिस्कवर तीन जॉब लिहितायत आणि तिथूनच टेपसाठी वाचन चाललंय, अशा मांडणीत काहीच साधत नाही. बॅक्युलात एक जॉब टेपवर उतरत असताना त्याच जॉबचा डेटा क्लायंटकडून येणं थांबतं, म्हणून तीनचार जॉब एकत्र चालू ठेवा आणि प्रत्येकाला स्पूलची मर्यादा द्या.

पाकिटावरच्या आकड्याचंही ऐकू नका. एलटीओ-८ वर ३० टीबी छापलेलं असतं. खरी क्षमता १२ टीबी. उरलेलं २.५ पट कॉम्प्रेशनच्या आशेवर आहे, आणि व्हिडिओ, जेपेग, आधीच झिप किंवा एनक्रिप्ट केलेला डेटा दाबला जात नाही.

एका अक्षराने पुसलेला बॅकअप

लिनक्सवर टेपचं एकच यंत्र दोन नावांनी दिसतं: एसटी० आणि एनएसटी०. पहिलं नाव वापरलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरं वापरलं तर आहे तिथेच थांबते. स्क्रिप्टमध्ये एकापाठोपाठ दोन टार चालवले आणि नाव एसटी० लिहिलं, तर दुसरा टार पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो. दोन्ही कमांड यशस्वी, टेपवर मात्र शेवटचीच. स्क्रिप्टमध्ये ‘एन’ असलेलं नावच वापरा. आणि रीबूटनंतर शून्याचा एक होऊ शकतो, लायब्ररीच्या, म्हणजे टेप आपोआप बदलणाऱ्या यंत्राच्या, हाताला लिनक्सने दिलेला एसजी क्रमांकही बदलतो. म्हणून सीरियल नंबरवर आधारित कायमची नावं घ्या.

ब्लॉक साइजची, म्हणजे टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या आकाराची, चूक याहून छुपी. टार मुळात १०,२४० बाइटचे ब्लॉक धरतो. कोणी वेगासाठी २५६ केबीने लिहिलं आणि वाचताना तो पर्याय दिला नाही, तर लिनक्स ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणतं. माणूस रॅम वाढवायला धावतो! मेमरीचा काही संबंध नाही; टेपवरचा ब्लॉक वाचणाऱ्याच्या भांड्यापेक्षा मोठा आहे, एवढाच अर्थ. कार्ट्रिजच्या लेबलवर ब्लॉक साइज लिहून ठेवा.

एसएसएचमधून (दूरच्या मशिनशी सुरक्षित जोडणीतून) डीडी या कॉपीच्या कमांडने टेपवर लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पाइपमधून (एका कमांडचा डेटा दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) डेटा अर्धामुर्धा येतो आणि डीडीला ‘बीएस’ (ब्लॉक साइज) दिला तर तो तसेच लहानमोठे ब्लॉक टेपवर टाकतो. ‘ओबीएस’ (लिहिण्याचा ब्लॉक साइज) दिला तर ब्लॉक पूर्ण भरून टाकतो. आणि पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा असतो. टार मधेच मेला तरी शेवटची कमांड ‘शून्य’, म्हणजे ‘यशस्वी’, देते आणि मेल येतो, बॅकअप ओके. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ चालू करा.

डिस्कवर घेतोय, मग काळजी कसली?

बॅकअपची डिस्क रात्री माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही, आणि स्क्रिप्टने त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरच्या मूळ डिस्कवर, सगळं लिहिलं. सकाळी सर्व्हर भरलेला आणि बंद. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंट तपासा, नसेल तर तिथेच थांबा.

उलट चूक क्लायंटवर होते. बॅक्युलात ‘वन एफएस’ मुळातच चालू असतं; एका फाइल सिस्टिमवरून दुसऱ्यावर तो जात नाही. यादीत फक्त मूळ डिरेक्टरी लिहिली आणि होम (वापरकर्त्यांच्या फाइलींची डिरेक्टरी) वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर होमचा बॅकअप नाही. लॉगमध्ये तशी ओळ येते, पण जॉब यशस्वी असतो आणि यशस्वी जॉबचा लॉग कोण वाचतं?

इन्क्रिमेंटल बॅकअप, म्हणजे फक्त बदललेल्या फाइलींचा, फाइलच्या वेळेवर चालतो. जुन्या तारखेची फाइल दुसरीकडून आणून ठेवली तर ती निसटू शकते. त्यासाठी बॅक्युलात ‘अ‍ॅक्युरेट’ चालू करा. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नका, आधी डंप किंवा स्नॅपशॉट घ्या, आणि डंप फसला तर जॉबही फसला पाहिजे अशी मांडणी करा.

बॅकअपची डिस्क क्लायंटवर लिहिण्याच्या परवानगीसह शेअर म्हणून जोडून ठेवणं मला अजिबात पटत नाही. क्लायंटवर रॅन्समवेअर आलं की ते बॅकअपही कुलूपबंद करतं. सर्व्हरने येऊन डेटा न्यावा, क्लायंटला पोचता येऊ नये. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषाने जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांचे मेल अनेक डेटासेंटरमधल्या प्रतींसकट गेले. गूगलने ते टेपवरून परत आणले, कारण टेप त्या दोषाच्या आवाक्याबाहेर होत्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं.

टेप, कॅटलॉग, किल्ली

एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचतात. एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागे जातो, म्हणजे एलटीओ-६ वाचत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी कपाट तपासा. एलटीओ-९ ची नवी कार्ट्रिज पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह ती जुळवून घेतो, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. सॉफ्टवेअरची वाट पाहण्याची मुदत कमी असेल तर चांगली टेप ‘खराब’ ठरते. क्लीनिंग टेप ड्राइव्हने मागितल्यावरच घाला, आणि ती साधारण ५० वेळांनंतर संपते हे लक्षात ठेवा.

टेपची संख्या जपणुकीच्या मुदतीशी जुळवा. बॅक्युलात व्हॉल्यूम, म्हणजे इथे एक टेप, मुळात ३६५ दिवस राखला जातो. टेप वीसच असतील तर काही आठवड्यांत जॉब नवी टेप मागत अडून बसतो, आणि मग घाईत कोणीतरी हाताने हवी ती टेप पुसतो. अमांडात ‘टेपसायकल’ (फिरवायच्या टेपची संख्या) हा एका चक्रातल्या बॅकअपच्या रनपेक्षा मोठाच हवा, नाहीतर शेवटचा पूर्ण बॅकअपच खाली गाडला जातो.

कॅटलॉग, म्हणजे कोणती फाइल कुठल्या टेपवर आहे ती यादी, बॅकअप सर्व्हरवरच असते. तोच सर्व्हर गेला तर? सगळ्या टेप वाचून ती पुन्हा बनवता येते, पण त्यात दिवस जातात. कॅटलॉगचा डंप रोज शेवटच्या जॉबनंतर घ्या, दुसऱ्या मशिनवर पाठवा. एनक्रिप्शनची किल्लीही तिथेच, बॅकअपच्या बाहेर.

रिस्टोअर करून बघताना

आपल्याच मशिनवर, त्याच ड्राइव्हवर एक फाइल परत आणणं ही चाचणी नव्हे. कपाटातली जुनी टेप काढा, शक्य असेल तर दुसरा ड्राइव्ह घ्या, रिकाम्या मशिनवर पूर्ण सर्व्हर उभा करा आणि चेकसम (फाइल तीच आहे का ते पडताळणारा आकडा) जुळवा. ज्याने व्यवस्था बसवली नाही, अशा सहकाऱ्याला लिखित सूचनांवरून हे करायला लावा. सूचनांमधली भोकं पहिल्या तासात दिसतात.

आणि वेळ मोजा. १२ टीबी भरलेली टेप सेकंदाला ३६० एमबीने वाचायला सव्वानऊ तास लागतात. तोच डेटा एक गिगाबिटवरून क्लायंटकडे न्यायला तीस तासांच्या वर. हा आकडा साहेबांना आजच लेखी द्या, म्हणजे सर्व्हर पडलेला असताना ‘अजून किती वेळ’ या प्रश्नावर वाद होणार नाही.