कोरलच्या टाकीचं पाणी किती बदलावं, किती दिवसांनी बदलावं

सांगलीत कोरलची, म्हणजे समुद्री प्रवाळांची, टाकी सांभाळायची तर घरात दोन पाणी तयार लागतात, एक खारं आणि एक गोडं. सुरुवातीला गडबड होते ती या दोन्हींची कामं एकमेकांत मिसळल्यामुळं.

क्षारपड जमीन आपल्या जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिली आहे. उसाला पाणी भरमसाट दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार पांढरे होऊन वर साठतात. टाकीतही हेच होतं. एप्रिलमध्ये पातळी रोज खाली जाते, पण उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानंच भरायची. खारं घातलंत तर खारटपणा दिवसेंदिवस चढत जाईल. अर्थात, ही भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पाणी बदलायचं ते माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून साठलेलं नायट्रेट काढायला आणि कोरलनी वापरलेली खनिजं परत द्यायला.

किती बदलायचं?

याचं उत्तर तुमची टाकीच देते. आज टेस्ट किटनं नायट्रेट मोजा. काही न बदलता सात दिवसांनी पुन्हा मोजा. समजा ते २ पीपीएमनं (लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅमनं) वाढलं. आता दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललंत, तर नायट्रेट २० च्या आसपास जाऊन थांबेल, कारण वीसचे दहा टक्के म्हणजे दोन. जितकं साठतं तितकंच निघतं. २० टक्के बदललंत तर ते १० वर थांबेल. मी २ ते १० च्या मध्ये ठेवतो. शून्याचा हट्ट धरू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपली की कोरल उपाशी राहतात आणि वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर चढू शकतो.

सुरुवात दर आठवड्याला १० टक्क्यांनी करा. आकडा खाली येत नसेल तर आधी माशांचं खाणं कमी करा, मगच टक्के वाढवा.

दोन महिने काही न करता एका रविवारी अर्धी टाकी बदलणं मात्र टाळा. मी एकदा लग्नसराईत तसं केलं. मासे ठीक राहिले, पण लेदर कोरल (एक मऊ कोरल) दहा दिवस मिटून बसलं. कारण टाकीची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, ते डीकेएचमध्ये मोजतात) ७ डीकेएच होती, नव्या पाण्याची ११. अर्धं बदलल्यावर ती एका तासात ९ झाली. दहा टक्केच बदललं असतं तर ७.४ झाली असती. अपवाद एकच. माशांना विषारी असलेला अमोनिया दिसला तर ३० ते ५० टक्के लगेच बदला.

कसं बदलायचं?

बोअरचं पाणी नको, त्यात क्षार जास्त असतात. घरच्या पिण्याच्या आरओमध्येही बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारा, फिल्टर लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य येतं का बघा. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

२०० लिटरच्या टाकीसाठी २० लिटर पाणी स्वच्छ टबात घ्या. त्यात साधारण ७०० ते ७५० ग्रॅम रीफ सॉल्ट (कोरलच्या टाकीसाठीचं खास मीठ) थोडं थोडं घाला. स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही. आधी पाणी, मग मीठ. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियमचा पांढरा साका तळाला बसतो आणि तो सहजी विरघळत नाही. छोटा पंप लावून पाकिटावर दिलेल्या वेळेइतकं फिरू द्या. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२६ हवा. तापमान टाकीइतकंच, २५-२६ अंश. उन्हाळ्यात हा टब गच्चीवर ठेवू नका.

आता हीटर आणि पंप बंद करा. पाण्याबाहेर उघडा पडलेला चालू हीटर तडकतो. पाइपनं तळाचा गाळ ओढत २० लिटर काढा. पाइप तोंडानं ओढू नका आणि हातमोजे घाला. झोअँथिड जातीच्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. कोरल काही मिनिटं उघडी पडली तरी चालतं. नवं पाणी हळूहळू सोडा, सगळं चालू करा आणि तासाभरानं खारटपणा पुन्हा मोजा. काढलेलं पाणी मोरीत जाऊ द्या, तुळशीला नको.

पावसाळ्याआधी मात्र वेगळी तयारी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं. पुरात नळाचा आणि विजेचा भरवसा नसतो. जूनमध्येच दोन झाकणाचे टब शुद्ध गोड्या पाण्यानं भरून ठेवा, मिठाचं एक पाकीट कोरड्या जागी उंचावर ठेवा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप एकदा चालवून बघा.